मायनस २० देऊनही बिल का निघत नाही?

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचा सर्व्हर सांभाळणाऱ्या मित्राने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. आठ कोअरचा एकच लिनक्स सर्व्हर आहे. त्यावर बिलिंग आणि स्टोअरचा मारियाडीबी डेटाबेस चालतो, आणि त्याच मशीनवर मेथडिंगची, म्हणजे साच्यात धातू कसा ओतायचा ते आखणारी, मुलं कास्टिंगचं सिम्युलेशन लावतात. सिम्युलेशन सुरू झालं की गेटवर डिस्पॅचचं बिल निघायला मिनिट-मिनिट लागतं आणि ट्रक खोळंबतात. डेटाबेसला रेनाइस करून (चालू प्रोसेसचा प्रायॉरिटीचा आकडा बदलायची कमांड) मायनस २० दिलं, फरक नाही. सिम्युलेशनला १९ दिलं, तरीही नाही. मग एका रात्री काम लवकर संपावं म्हणून सिम्युलेशनलाच सगळ्या थ्रेडसकट (थ्रेड म्हणजे प्रोसेसच्या आत स्वतंत्र चालणारा कामाचा धागा) रिअलटाइम फिफो ९९ दिलं, तर सकाळी लॉगिनच होईना आणि शेवटी पॉवर बटण दाबावं लागलं. प्रायॉरिटी बदलून खरंच काही होतं का, असा तुमचा, म्हणजे या मित्राचा, प्रश्न आहे.

होतं, आणि चांगलंच होतं. पहिल्या दोन वेळा तुमची कमांड मशीनने ऐकली होती, पण तुम्हाला जिथे पोचायला हवी होती तिथे ती पोचली नाही. तिसऱ्या वेळी मात्र ती नको इतकी पोचली. गेली वीसेक वर्षं मी कोल्हापूर-कागल-इचलकरंजी पट्ट्यात हेच काम करतो आहे आणि हाच घोळ मी अनेक ठिकाणी पाहिला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नाइस हा शब्द नीट समजून घ्या. हा आकडा प्रोसेसचा मोठेपणा सांगत नाही, ती इतरांना किती वाट देते ते सांगतो. मायनस २० पासून १९ पर्यंत तो जातो, काही न सांगता सुरू केलेल्या प्रोसेसला शून्य मिळतो. आकडा जितका मोठा तितकी ती प्रोसेस बाजूला सरकून उभी राहते. आत कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, या आकड्याचं वजनात रूपांतर करतो: शून्याला १०२४, ५ ला ३३५, १० ला ११०, १९ ला फक्त १५, आणि मायनस २० ला ८८,७६१. एक पायरी म्हणजे वजनात साधारण सव्वापट फरक. एकाच कोअरवर दोन भुकेल्या प्रोसेस आल्या, एक शून्यावर आणि एक १० वर, तर पहिलीला सुमारे ९० टक्के वेळ मिळतो. दुसरी १९ वर असेल तर तिच्या वाट्याला दीड टक्कासुद्धा येत नाही. २००७ साली २.६.२३ कर्नलमध्ये इंगो मोल्नार यांचा सीएफएस शेड्युलर (कोअर कोणाला कधी द्यायचा ते ठरवणारा भाग) आला तेव्हापासून ही वजनं अशीच आहेत. २०२३ मध्ये ६.६ पासून त्या जागी ईईव्हीडीएफ आला, पाळी कोणाची हे ठरवायची रीत बदलली, पण नाइसच्या वजनाचा अर्थ तोच राहिला.

हे वजन वाटणी करताना वापरलं जातं, वेग वाढवायला नाही. कोअर रिकामा असेल तर १९ वाली प्रोसेसही पूर्ण ताकदीने पळते. म्हणून सिम्युलेशनला १९ देताना मेथडिंगची मुलं नाराज होतात त्याला कारण नाही; रात्री बिलिंग बंद असताना त्यांचं काम एका मिनिटानेही मागे पडत नाही. उलट मायनस २० देऊन डेटाबेस वर चढवला तर तो फक्त सिम्युलेशनच्याच नव्हे, तुमच्या एसएसएचच्या, लॉगच्या, शून्यावर चालणाऱ्या सगळ्याच प्रोसेसच्या डोक्यावर जाऊन बसतो. एखादी वाईट क्वेरी अडकली की तुम्हालाच आत शिरायला जागा राहत नाही. मी जड कामाला खाली उतरवतो, महत्त्वाच्या कामाला वर चढवत नाही. मायनस आकडा मी वर्षातून एखाद्या वेळी वापरत असेन.

आता रांग नेमकी कुठे लागली आहे ते बघा, कारण प्रायॉरिटी फक्त सीपीयूच्या रांगेत चालते. सिम्युलेशन चालू असताना व्हीएमस्टॅट १ ही कमांड लावा आणि एक मिनिट नुसतं पाहत राहा. पहिली ओळ सोडून द्या, ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. आर या रकान्यात कोअरवर चालणाऱ्या आणि कोअरची वाट बघणाऱ्या प्रोसेस मिळून दिसतात. तो सतत आठच्या बराच वर असेल, तर रांग सीपीयूची आहे आणि पुढचं सगळं तुमच्या कामाचं आहे. बी हा रकाना भरलेला आणि डब्ल्यूए मोठा असेल, तर सगळे डिस्कपुढे उभे आहेत. तिथे नाइस काहीच करत नाही. एसआय आणि एसओ हलत असतील तर मेमरी संपून स्वॅप सुरू आहे, आणि त्यावर इलाज म्हणजे रॅम किंवा सिम्युलेशनची जाळी (मेश) थोडी जाड करणं. ४.२० पासूनच्या कर्नलमध्ये याहून सरळ उत्तर मिळतं: प्रॉक या सिस्टिम डिरेक्टरीखालच्या प्रेशर डिरेक्टरीत सीपीयू, आयओ आणि मेमरी अशा फाइली असतात. शेवटच्या १० सेकंदांत किती टक्के वेळ कोणी ना कोणी खोळंबलं होतं, हे त्यात लिहिलेलं असतं. काही ठिकाणी तो पर्याय बंद असतो, तेव्हा व्हीएमस्टॅट पुरेसा आहे.

तुमच्याकडे आठ थ्रेडचं सिम्युलेशन आठ कोअरवर आहे, त्यामुळे रांग सीपीयूचीच असेल असं मी धरून चालतो. मग १९ दिलं तरी फरक का नाही? दोन कारणं आहेत, आणि दोन्ही एकाच वेळी लागू असू शकतात.

पहिलं कारण थ्रेडचं. पॉसिक्सच्या नियमानुसार नाइस हा पूर्ण प्रोसेसचा गुण, पण लिनक्समध्ये तो प्रत्येक थ्रेडचा स्वतंत्र असतो. तुम्ही रेनाइसला जो पीआयडी (प्रोसेसचा नंबर) दिला त्या नंबराच्या मुख्य थ्रेडला १९ मिळालं. तो बहुतेक वेळ नुसता बसून असतो. प्रत्यक्ष गणित करणारे बाकीचे थ्रेड होते तिथेच, शून्यावर राहिले. टॉप चालू करून कॅपिटल एच दाबा, थ्रेड वेगवेगळे दिसतील. मी असं उघडून दाखवलं की समोरचा माणूस क्षणभर गप्प होतो: एका ओळीवर एनआयखाली १९ आणि सीपीयू शून्य, खाली सात-आठ ओळी एनआय शून्य आणि प्रत्येकी ९९ टक्के. डेटाबेसचंही तेच झालं. मारियाडीबी प्रत्येक कनेक्शनला थ्रेड देतो. आधीपासून जोडलेल्या बिलिंगच्या कनेक्शनांपर्यंत तुमचं मायनस २० गेलंच नाही. चालू असलेल्या प्रोसेसचे सगळे थ्रेड बदलायचे असतील, तर प्रॉकमध्ये त्या पीआयडीखाली टास्क नावाची डिरेक्टरी असते, तिच्यातल्या प्रत्येक नंबराला रेनाइस करावं लागतं. त्यापेक्षा सोपं म्हणजे काम सुरू करतानाच पुढे नाइस -एन १५ लावणं. नाइस आकडा वारशाने पुढे जातो, म्हणून त्यानंतर जन्मलेला प्रत्येक थ्रेड आणि प्रत्येक पोटप्रोसेस १५ वरच येते.

इथे एक बारीक गोष्ट. नाइस कमांडचा आकडा बेरजेचा असतो, म्हणजे १० वर असलेल्या शेलमधून नाइस -एन ५ दिलं तर काम १५ वर जातं. लिनक्सच्या रेनाइसमध्ये मात्र तुम्ही द्याल तोच आकडा थेट बसतो. स्क्रिप्ट लिहिताना हा घोटाळा हमखास होतो.

दुसरं कारण गटाचं, आणि ते अनेक अनुभवी लोकांनाही माहीत नसतं. २.६.३८ पासून कर्नलमध्ये ऑटोग्रुप आहे. तो चालू असेल तर प्रत्येक लॉगिन सेशनचा, प्रत्येक सर्व्हिसचा एक वेगळा गट होतो आणि सीपीयू आधी गटागटांत वाटला जातो. नाइस फक्त गटाच्या आत चालतो. म्हणजे जेवणाची पंगत कुटुंबवार बसवली आहे, आणि तुमच्या घरात कोण मागे बसलं यावरून शेजारच्या घराच्या पानात काही जास्त पडत नाही. सिम्युलेशन एका सेशनमध्ये, डेटाबेस दुसऱ्या. एकाला १९ देऊन दुसऱ्याला काय मिळणार? कर्नलच्या सेटिंगमध्ये शेड ऑटोग्रुप एनेबल्ड ही किंमत १ आहे का बघा. सिस्टिमडीने (लिनक्सवरच्या सर्व्हिस सुरू करून सांभाळणारा प्रोग्रॅम) सीपीयूचा कंट्रोलर लावला असेल किंवा काम डॉकरच्या कंटेनरमध्ये असेल, तर हीच गोष्ट सीग्रुपमुळे, म्हणजे कर्नलच्या प्रोसेसगटांमुळे, होते. तिथे ऑटोग्रुप बाजूला राहतो आणि गटाचं स्वतःचं वजन चालतं.

म्हणून तुमच्यासारख्या मशीनवर मी नाइसच्या भरवशावर थांबत नाही, गटालाच वजन देतो. सिस्टिमडीत सीपीयू-वेट नावाची प्रॉपर्टी आहे, १ ते १०,००० पर्यंत, मूळ किंमत १००. सिम्युलेशन लॉगिन करून हाताने सुरू करण्याऐवजी रूटकडून (मशीनचा मुख्य यूजर) सिस्टिमडी-रनने, त्या मुलाच्याच यूजर नावाखाली, सर्व्हिस म्हणून सुरू करा आणि सीपीयू-वेट २० द्या. डेटाबेस आहे तिथे १०० वर राहू दे. दोघंही भुकेले असतील तेव्हा सिम्युलेशनला सहावा हिस्सा, डेटाबेस शांत असेल तेव्हा सिम्युलेशनला सगळं. सर्व्हिस म्हणूनच का, तर लॉगिन सेशनमधलं काम यूजर स्लाइसमध्ये (स्लाइस म्हणजे सिस्टिमडीचा मोठा गट) जातं आणि डेटाबेस सिस्टिम स्लाइसमध्ये असतो. मग पहिली वाटणी त्या दोन स्लाइसमध्ये निम्मी-निम्मी होते आणि तुमच्या २० ला अर्थ उरत नाही. दोन्ही एकाच पातळीवर शेजारी असले पाहिजेत. थ्रेडची भानगडही यात राहत नाही, कारण गटात जे काही जन्मेल ते गटाचंच.

सीपीयू-कोटा म्हणून दुसरी प्रॉपर्टी आहे, ६०० टक्के म्हणजे सहा कोअर. ती कडक मर्यादा आहे, मशीन रिकामं असलं तरी सुटत नाही. रात्री आठही कोअर वापरायचे असतील तर ती लावू नका.

त्याऐवजी दिवसा सॉल्व्हरलाच आठऐवजी सहा थ्रेड सांगा. मेथडिंगवाले म्हणतील, पाव वेग गेला. बहुतेक वेळा तितका जात नाही. सॉलिडिफिकेशनचं गणित पायरीपायरीने चालतं आणि प्रत्येक पायरीच्या शेवटी सगळे थ्रेड एकमेकांसाठी थांबतात. आठवा थ्रेड डेटाबेसमुळे मागे पडला की उरलेले सात त्याची वाट बघत बसतात. सहा जण अखंड पळाले तर एकूण वेळ फारसा वाढत नाही, आणि दोन कोअर बिलिंगला कायम मोकळे राहतात. एलएससीपीयू ही कमांड देऊन तुमचे आठ खरोखर आठ आहेत की चार कोअरवर दोन-दोन थ्रेड आहेत तेही बघून घ्या. तसं असेल तर १९ वरचा थ्रेडसुद्धा त्याच कोअरवरच्या जोडीदाराला हळू करतो. कॅशे आणि मेमरीची वाट दोघं वाटून घेतात, आणि नाइसला ती वाटणी दिसत नाही.

फिफो ९९ बद्दल. फिफो आणि आरआर हे रिअलटाइमचे प्रकार नाइसच्या रांगेतले नाहीतच, त्यांची रांग वेगळी आणि नाइसवाल्या सगळ्यांच्या पुढची. १ ते ९९ प्रायॉरिटी, आणि फिफोमधली प्रोसेस स्वतःहून थांबेपर्यंत किंवा तिच्यावरची कोणी येईपर्यंत सोडत नाही. सॉल्व्हर तर थांबतच नाही. तुम्ही आठही कोअर आठ थ्रेडना देऊन टाकले. कर्नलमध्ये एक कुंपण असतं, दर सेकंदाला रिअलटाइमवाल्यांना जास्तीत जास्त ०.९५ सेकंद. उरलेल्या ०.०५ सेकंदात तुमचं लॉगिन, डेटाबेस, नेटवर्कची कामं, सगळं कोंबलेलं होतं. मशीन मेलं नव्हतं, ते ५ टक्क्यांवर जगत होतं. फिफो साउंडसाठी, मशीन कंट्रोलसाठी आहे, जिथे काम थोडंच असतं पण वेळेवर व्हावं लागतं. तासन्‌तास गणित करणाऱ्या कामाला ते देऊ नये. शिवाय त्याने तुमचं सिम्युलेशन लवकर संपलंही नसतं. रात्री कोअर रिकामेच होते, ते शून्यावरही तितकंच पळालं असतं. चुकलं म्हणून मन खट्टू करून घेऊ नका, पण त्या दिवशी डेटाबेस चालू असताना पॉवर कापली गेली आहे, तेव्हा टेबलं एकदा तपासून घ्या.

आता एक गोष्ट कळकळीने सांगतो. डेटाबेसच्या आतल्या एखाद्या जड रिपोर्टला खाली ढकलायचा मोह होईल. दहा-बारा वर्षांपूर्वी मला तो झाला होता.

एका साखर कारखान्याचा गाळप हंगाम. रात्री साडेअकराचा सुमार, काट्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग फाटकाबाहेर गेलेली. त्याच वेळी ऑफिसात पंधरवड्याच्या ऊसबिलाचा हिशोब सुरू होता आणि काटापावती निघायला अर्धा-पाऊण मिनिट लागत होतं. तिथे पोस्टग्रेस डेटाबेस होता, त्यात प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस असते, त्यामुळे बिलाची प्रोसेस सहज सापडली. मी तिला रेनाइस करून १९ वर टाकलं. पाच मिनिटांत पावती हळू निघायची ती निघेचना. काट्यावरच्या पोराने भरलेली ट्रॉली चढवलेली, वजन स्क्रीनवर स्थिर, आणि कर्सर नुसता लुकलुकतोय. खाली मुकादम आणि ड्रायव्हर गोळा झाले. थंडीत दिवसभर तोडलेला ऊस घेऊन माणसं उभी होती, आणि ती माझ्या एका आकड्यामुळे उभी होती.

झालं होतं असं. बिलाच्या हिशोबाने सगळ्या सभासदांच्या खात्याच्या ओळी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लॉक करून, म्हणजे दुसऱ्या कोणाला बदलता येणार नाहीत अशा, ठेवल्या होत्या. काट्याच्या प्रोग्रॅमला त्याच ओळीत आजचं टनेज चढवायचं होतं. लॉक सुटायला बिलाचं काम पुढे सरकायला हवं, आणि मधले शून्यावरचे दुसरे रिपोर्ट चारही कोअर धरून बसलेले. १९ वरच्या बिलाला पाळीच मिळेना. अरुंद पुलावर उसाची ट्रॉली पुढे आणि मागे रुग्णवाहिका, तसं ते झालं. रुग्णवाहिकेला कितीही मान द्या, ट्रॉली पुलावरून उतरल्याशिवाय तिला वाट नाही. अशा वेळी ट्रॉलीलाच पुढे ढकलावं लागतं. मी बिलाला पुन्हा शून्यावर आणलं, मधले रिपोर्ट बंद केले, आणि काही मिनिटांत पावत्या सुरू झाल्या. याला प्रायॉरिटी इन्व्हर्जन म्हणतात. १९९७ साली मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान याच दुखण्याने पुन्हा पुन्हा रीसेट होत होतं. पुढच्या पंधरवड्याच्या आत आम्ही बिलाचा हिशोब गावागावाने तोडून घेतला, प्रत्येक गाव झालं की कमिट करून लॉक सोडायचे, आणि त्यानंतर काट्याला कधी अडचण आली नाही.

तेव्हा सिम्युलेशन खुशाल खाली उतरवा, त्याचा डेटाबेसच्या लॉकशी संबंध नाही. डेटाबेसच्या आतल्या कोणत्याही एका कनेक्शनला मात्र हात लावू नका. आणि रिपोर्ट काढणाऱ्या प्रोग्रॅमला नाइस लावून काही होत नाही हेही ध्यानात ठेवा, कारण राबतो तो डेटाबेस. प्रोग्रॅम नुसता निकालाची वाट बघत असतो.

बॅकअपचं थोडक्यात: त्याला नाइससोबत आयओनाइसचा तिसरा वर्ग, म्हणजे आयडल, लावा. पण तो डिस्कच्या शेड्युलरवर अवलंबून आहे. बीएफक्यू हा शेड्युलर असेल तर चांगला चालतो. एनव्हीएमई डिस्कवर बहुधा शेड्युलर नन, म्हणजे कोणताच नाही, असा असतो, तिथे आयओनाइस लावून न लावल्यासारखंच.

ऑफिसमधल्या विंडोज मशीनवर कॅम चालवणाऱ्यांसाठी: टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये राइट क्लिक करून सेट प्रायॉरिटी. लो ते रिअलटाइम असे सहा वर्ग आहेत. जड कामाला बिलो नॉर्मल द्या, तेवढं पुरतं. रिअलटाइमला हात लावू नका, माउस आणि कीबोर्डसुद्धा अडकतात. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला की हे सेटिंग जातं, म्हणून शॉर्टकटमध्ये स्टार्ट कमांडला बिलो नॉर्मल देऊन ठेवणं बरं.

राहिला तुमचा शेवटचा मुद्दा, की मेथडिंगच्या मुलाला एखादं तातडीचं काम स्वतः वर आणता यावं, पण रूटचा पासवर्ड द्यायचा नाही. साध्या यूजरला आपल्या प्रोसेसचा नाइस आकडा वाढवता येतो, एकदा वाढवला की कमी करता येत नाही, स्वतःच वाढवलेला असला तरी. यासाठी सिक्युरिटीच्या लिमिट्स फाइलमध्ये त्यांच्या ग्रुपसमोर नाइसची मर्यादा ५ लिहा. नव्या लॉगिनपासून ती लागू होईल; सिस्टिमडीच्या सर्व्हिसला मात्र ही फाइल लागू होत नाही, तिथे सर्व्हिसलाच लिमिट-नाइस +५ ही प्रॉपर्टी द्यावी लागते. मग त्यांची सगळी कामं नाइस -एन १५ लावून सुरू करायची, आणि ग्राहकाचा फोन आलेल्या एखाद्या कामाचे थ्रेड त्यांना स्वतः ५ पर्यंत वर आणता येतील, शून्यापर्यंत नाही. सगळी सिम्युलेशनं एकाच गटात चालत असतील तरच १५ आणि ५ मधला हा फरक दिसेल. तेव्हा प्रत्येकाची वेगळी सर्व्हिस करताना त्या सगळ्या एका स्लाइसमध्ये ठेवा, सीपीयू-वेट २० त्या स्लाइसला द्या, आणि ती स्लाइस डेटाबेसच्या शेजारी, सिस्टिम स्लाइसच्या आत असू द्या. स्लाइसच्या आत तातडीचं काम पुढे काढायचं असेल, तर त्या सर्व्हिसचं वजन सिस्टिमसीटीएलच्या सेट-प्रॉपर्टीने चालू असतानाच वाढवता येतं. तेवढी एकच कमांड सुडोमध्ये (ठरावीक कमांड रूटच्या हक्काने चालवू देणारी सोय) त्यांना उघडून दिलीत तर नाइसच्या मर्यादेचीही गरज पडणार नाही.